खो मिळेपर्यंत उठायचं नाही : तिसरी-चौथीच्या खो-खोला डिजिटल गोष्टीची जोड

वस्तीवरची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक, त्यामुळे तिसरी आणि चौथी एकाच बाईंकडे. दोन्ही वर्ग मिळून २२ मुलं. शारीरिक शिक्षणाला वेगळा शिक्षक नाही. कायद्यातली अंशकालीन निदेशकांची तरतूद सहावी ते आठवीसाठी आहे, आणि तीही शंभरावर पट असेल तर. म्हणजे भाषा, गणित, परिसर अभ्यास शिकवणाऱ्या बाईच मैदानावर शिट्टी घेऊन उभ्या असतात. साधनं म्हणाल तर शाळेचा एक दहा इंची टॅब, सिम काढलेला एक जुना फोन, चुन्याची फक्की आणि शाळेमागचं मोकळं पटांगण.

ही एखाद्या विशिष्ट शाळेची नोंद नाही. अशा शाळांत नेहमी आढळणारी जुळणी इथे एका तुकडीवर मांडली आहे, म्हणजे वेळ, माणसं आणि साधनं यांचा हिशेब शेवटपर्यंत करून दाखवता येतो. घटक खो-खोचा, सहा आठवड्यांचा. आठवड्याला ३५ मिनिटांच्या दोन तासिका, एकूण १२. दिवाळीनंतरचं सत्र त्यासाठी सोयीचं, कारण जमीन कोरडी असते आणि सकाळचं ऊन कोवळं असतं.

अडचण कुठे आहे

खो-खो ठाऊक नाही असं मूल या भागात सापडणार नाही. तरीही तिसरी-चौथीच्या खेळात तीन चुका हमखास होतात. बसलेलं मूल खो मिळायच्या आत उठतं. पाठलाग करणारा समोरून किंवा बाजूने खो देतो, कधी नुसता हात लावतो, कधी नुसतं ओरडतो. आणि एकदा दिशा घेतल्यावर खांबापर्यंत जाण्याऐवजी पळणाऱ्याच्या मागे उलटा वळतो.

या तिन्ही चुका नियम पाठ नसल्यामुळे होत नाहीत. वर्गात विचारलं तर मुलं नियम घडाघडा सांगतात. चूक होते ती नियमामागचं कारण न कळल्यामुळे. शेजारशेजारचे दोघं विरुद्ध दिशांना तोंड करून का बसतात? पाठीमागून खो मिळालेला गडी आपल्या तोंडासमोरच्या बाजूला धावतो, त्यामुळे पाठलाग एका क्षणात मैदानाच्या दुसऱ्या अंगाला जातो. पाठलाग करणाऱ्याला मधली पट्टी ओलांडायची बंदी आहे. बाजू बदलायची तर एक खांबाला वळसा घालायचा, नाहीतर खो द्यायचा. हे एकदा उमगलं की खो ही सुटका राहत नाही, ती चाल होते. चौथीच्या मुलाला हे शब्दांत समजावणं कठीण. त्याला ते घडताना, थांबवून, पुन्हा पाहावं लागतं. डिजिटल गोष्टीचा, म्हणजे चित्रं आणि आवाज जोडून केलेल्या छोट्या गोष्टीचा, उपयोग इथे होतो.

आणखी एक गोष्ट कोणी नियमात मोजत नाही. चार-पाच चपळ मुलं आपसातच खो फिरवत ठेवतात आणि बाकीची तासभर उकिडवी बसून असतात.

पहिला मोह आणि त्याचा हिशेब

टॅब हातात आला की पहिली कल्पना सुचते ती ‘खो-खोवर फिल्म करूया’ ही. गणित मांडून पाहा. २२ मुलं, एक फोन. प्रत्येकाला दोनच मिनिटं दिली तरी ४४ मिनिटं, म्हणजे तासिकेहून जास्त. तेवढा वेळ बाकीची मुलं रांगेत उभी. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटांची मध्यम ते जोरकस हालचाल सांगते. ज्या तासिकेत ती व्हायची, तीच तासिका चित्रीकरणात घालवायची हे पटण्यासारखं नाही. म्हणून या प्रकरणात पहिला नियम ठरतो तो असा: गोष्ट रचायची भाषेच्या तासाला, मैदानावर फक्त तिचा कच्चा माल गोळा करायचा.

डिजिटल कथाकथनाचा मूळ साचाही याला अनुकूल आहे. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात ज्यो लॅम्बर्ट, डॅना ॲचली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत कार्यशाळांमधून रुजवली, तेव्हा तिचं रूप अगदी साधं होतं: दोन-तीन मिनिटं, मोजकी स्थिरचित्रं आणि सांगणाऱ्याचा स्वतःचा आवाज. आपल्याला तर मिनिटभराचीच गोष्ट पुरे. सहा चित्रं आणि पन्नास-साठ शब्द.

मैदानाची मांडणी

२२ मुलांसाठी एक मोठं मैदान आखण्यापेक्षा दोन छोटी आखावीत. प्रत्येकी १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद. मधली पट्टी ३० सेंटिमीटरची, तिच्यावर दोन-दोन मीटरवर पाच चौकोन. खांबाऐवजी वाळूने अर्धे भरलेले पाच लिटरचे प्लास्टिकचे कॅन. आदळलं तरी लागत नाही. एका मैदानात पाच बसलेले, एक पाठलाग करणारा आणि तिघांची पळणारी तुकडी, असे नऊ. दोन मैदानांत अठरा. उरले चार.

या चौघांची कामं ठरलेली असतात. एक फोन धरतो. एक सहा चौकटींच्या कार्डावर (त्याविषयी पुढे) खुणा करतो. दोघं रेषेवर उभे राहून एकेका मैदानातल्या चुका मोजतात. पाळी चार मिनिटांची. खेळाच्या २० मिनिटांत पाच पाळ्या होतात, त्यामुळे खेळाबाहेर कोणीही चार मिनिटांपेक्षा जास्त नसतो. तासिकेची वाटणी अशी: ५ मिनिटं अंग मोकळं करणं, २० मिनिटं खेळ, ५ मिनिटं आधीच्या गोष्टीतला एक प्रसंग पाहून तोच मैदानावर करून बघणं, शेवटी ५ मिनिटं शिथिलीकरण. बसून राहणाऱ्यांसाठी एक जोडनियम ठेवावा: पाठलाग करणाऱ्याने खो न देता दोनपेक्षा जास्त चौकोन मागे टाकायचे नाहीत. खो भराभर फिरतो आणि कोपऱ्यातलं मूलही धावतं.

फोन दर तासिकेला बाहेर काढायचा नाही. बारापैकी चारच तासिकांना: तिसऱ्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या. चार तासिका गुणिले पाच पाळ्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या २० पाळ्या. पाळी न मिळालेल्या दोघांना वर्गात आवाज रेकॉर्ड करायची जबाबदारी द्यावी.

दमा असलेलं, पायाने अधू असलेलं किंवा नुसतंच जड अंगाचं मूल हळूच कायमचं कॅमेरामन होऊन जातं. वरवर ती सवलत वाटते, प्रत्यक्षात ते मूल खेळाबाहेर गेलेलं असतं. पाळीची यादी भिंतीवर लावली की हे टळतं. धावता न येणाऱ्या मुलासाठी खेळ बदलावा, उदाहरणार्थ त्याच्या जोडीला धावणारा भिडू द्यावा. कॅमेरा त्याच्याकडे इतरांइतक्याच वेळा जावा.

फोन कुठे, कसा

खांबाच्या टोकावरून सरळ मधल्या पट्टीकडे पाहिलं तर पहिल्या बसलेल्यामागे बाकीचे लपतात. अगदी बाजूने पाहिलं तर दिशा छान दिसते, पण पाठीवर पडणारा हात दिसत नाही. म्हणून जागा कोपऱ्याची: मैदानाच्या कोपऱ्यापासून तिरकं, तीन मीटर बाहेर. त्याहून जवळ नको, कारण खांबाला वळसा घालणारा गडी वेगाने बाहेर येतो. फोन धरणाऱ्याने स्टुलावर बसावं, कोपरं गुडघ्यांवर टेकवावीत, फोन आडवा. उंची बसलेल्या मुलाच्या खांद्याएवढी. ऊन पाठीशी हवं, म्हणून सकाळच्या सत्रात कॅमेरा पूर्वेच्या कोपऱ्यात. पडद्यावर मधल्या चौकोनावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनांत फोकस आणि उजेड तिथेच कायम राहतो. हे केलं नाही तर पांढरा सदरा समोरून गेला की सगळं चित्र काळवंडतं.

पाळीत वीस सेकंदांचे तीनच तुकडे घ्यायचे, त्याहून जास्त नाही. ७२० च्या दर्जाला एका मिनिटाला साधारण ६० ते ९० एमबी लागतात, १०८० ला सव्वाशेच्या आसपास. आपल्याला चेहरे नकोत, हात आणि पाय कुठे आहेत एवढंच हवं, म्हणून ७२० पुरे. तासिकेला पाच मिनिटांचं चित्रण म्हणजे फार तर ४५० एमबी, चार तासिकांचं दोन जीबीच्या आत. जुन्या फोनला एवढं झेपतं.

गोष्टीसाठीची चित्रं याच तुकड्यांतून काढायची. चित्रण जागच्या जागी थांबवायचं आणि पडद्याचं छायाचित्र घ्यायचं. हलणारा हात थोडा धूसर येतो. हरकत नाही, चर्चा व्हायची ती हात कुठून आला याची.

सहा चौकटी

कार्ड म्हणजे पाठकोरा कागद, त्यावर सहा चौकोन. पहिला: कोण कुठे बसलंय, तोंड कुठे. दुसरा: पाठलाग करणारा कुठून आला. तिसरा: पळणाऱ्याने हूल कशी दिली. चौथा रिकामा, त्यावर फक्त प्रश्नचिन्ह. पाचवा: काय केलं. सहावा: काय झालं.

सगळी गंमत चौथ्या चौकटीत आहे. खो द्यायचा की आणखी दोन पावलं जायचं, हा निर्णय मैदानावर अर्ध्या सेकंदात होतो आणि कोणाच्या लक्षातही राहत नाही. वर्गात चौथं चित्र दाखवून गोष्ट थांबवायची आणि विचारायचं, ‘आता?’ मुलं हमरीतुमरीवर येतात. मग पाचवं चित्र. पुढच्या तासिकेला तीच मांडणी मैदानावर, दुसरा निर्णय घेऊन. गोष्ट अशी मैदानावर परत गेली नाही तर केलेल्या कामाचा शारीरिक शिक्षणाला काही उपयोग नाही, मग ती कितीही देखणी असो.

गोष्ट सांगणारा कोण, हा प्रश्न साधनापेक्षा महत्त्वाचा. मोकळं सोडलं तर सर्वांत चपळ मुलगा निवेदक होतो आणि गोष्ट ‘मी कसा पकडला’ यापलीकडे जात नाही. म्हणून नियम: गोष्ट बसलेल्याने सांगायची. त्याच्याकडे सांगण्यासारखं जास्त असतं. पाठीमागे काय चाललंय ते त्याला दिसत नाही, फक्त ऐकू येतं. नमुन्यादाखल एक संहिता:

‘मी तिसऱ्या चौकोनात बसलोय. माझं तोंड शाळेकडं. पाठीमागं पाय वाजत्यात. जवळ आले. मला वाटलं, उठावं. पण शब्दच आला नाही. पाय पुढं गेले. मग दुसरे पाय आले, जोरात. पाठीवर हात पडला. खो! मी उठलो, शाळेच्या अंगानं उजवीकडं सुटलो. पळणारी मागं राहिली की माझ्या. वळावं वाटलं. नाही वळलो. खांब गाठला, वळसा घेतला, मग तिच्यामागं.’

ही बोली तशीच ठेवावी. ‘वाजत्यात’चं ‘वाजतात’ करायला लागलो की मूल वाचून दाखवू लागतं आणि आवाजातला जीव जातो. पन्नास-साठ शब्दांची संहिता लहान मुलाच्या चालीने पाऊण मिनिटाची होते, आणि सहा चित्रांना ती नेमकी पुरते.

रेकॉर्डिंग मैदानावर नको. वारा फोनच्या माइकमध्ये घुसून घरघर करतो आणि ती नंतर निघत नाही. वर्गात, खिडक्या लावून, पत्रा असेल तर पावसाची सर थांबल्यावर. फोन तोंडापासून वीतभर, समोर न धरता जरा बाजूला, म्हणजे ‘ख’, ‘फ’, ‘भ’ची हवा थेट माइकवर आदळत नाही. ‘खो’ मात्र मैदानावरचा खरा हवा. तो चित्रणातून घ्यावा, कारण वर्गात म्हटलेला ‘खो’ सगळ्यांना लगेच खोटा वाटतो.

टॅबवरचा खो

लवकर उठण्याच्या चुकीवर स्क्रॅच ज्युनिअर हे आज्ञांचे ठोकळे जोडून पडद्यावरची पात्रं हलवायचं मोफत ॲप फार उपयोगी पडतं. यातले ठोकळे चित्रांचे आहेत, त्यामुळे इंग्रजी यायलाच हवं असं नाही. एका प्रकल्पाला चारच पानं मिळतात. ही मर्यादा इथे पथ्यावर पडते, मुलं पसारा वाढवत नाहीत. रंगमंचावर वीस बाय पंधराची जाळी दाखवता येते, म्हणून मैदान मोजून मांडता येतं.

सुरुवातीला मुलं पाचही बसलेल्या पात्रांना हिरव्या झेंड्याचा ठोकळा लावतात. झेंडा दाबला की पाचही एकदम धावत सुटतात. हीच ती मैदानावरची चूक, आणि ती पाहून मुलं स्वतःच म्हणतात, ‘अरे, खो कुठाय?’ मग पाकिटाचा ठोकळा दाखवायचा: एक पात्र पाकीट पाठवतं, दुसरं ते मिळाल्यावरच हलतं. पुढची चूकही ठरलेली. सगळ्यांना केशरी पाकीट लावलेलं असतं, त्यामुळे एक खो दिला की पाचही उठतात. पाकिटाचे रंग सहा आहेत. पाच बसलेल्यांना पाच वेगळे रंग दिले की साखळी चालू होते.

इथून पुढे विषय आणखी रंगतो. ॲपमध्ये ‘दुसऱ्या पात्राचा धक्का लागला की सुरू’ असाही ठोकळा आहे. एखादा गट पाकीट सोडून तो वापरतो: हात लागला की उठायचं. चालतंही. पण पळणारं पात्र जाता जाता चाटून गेलं तरी बसलेलं उठतं. आता प्रश्न विचारावा: नियमात स्पर्श आणि शब्द दोन्ही का लागतात? नुसता स्पर्श कोणाचाही असू शकतो. नुसता शब्द कोणासाठी आहे ते कळत नाही. दोन्ही मिळून एकच गडी उठतो. एवढं तिसरीतल्या मुलाला स्वतः शोधता येतं.

हे काम चार-पाच जणांच्या गटाने, टॅबभोवती बसून, भाषेच्या किंवा कार्यानुभवाच्या तासाला, गटाला वीस मिनिटं देऊन करावं. अँड्रॉइडवर हे ॲप टॅबसाठी आहे, छोट्या फोनवर त्यावर विसंबू नये. पात्रांचे कपडे रंगवायला मुलं अख्खा तास घेतील; रंगकाम शेवटच्या पाच मिनिटांतच, हे आधीच सांगून ठेवावं.

स्टॉप मोशन, म्हणजे वस्तू थोडी थोडी हलवत घेतलेल्या छायाचित्रांची फिल्म, हा तिसरा पर्याय, तो एकाच गटाला द्यावा. जमिनीवर खडूने मैदान आखायचं, बाटल्यांची टोपणं गडी म्हणून मांडायची, प्रत्येकावर तोंडाच्या दिशेचा बाण रंगवायचा. दोन स्टुलांवर पट्टी टाकून फोन वरून खाली पाहील असा बांधायचा. सेकंदाला पाच चित्रं धरली तर आठ सेकंदांना चाळीस. मुलांना वीस सेकंदांची फिल्म हवी असते. तिला शंभर चित्रं लागतात, आणि साठाव्याला कोणाचा तरी पाय टोपणाला लागून सगळं विस्कटतं. आठ सेकंदांवर थांबावं. खिडकीतून येणारा उजेड ढगांबरोबर बदलतो आणि चित्र लुकलुकतं, म्हणून खिडकी झाकून दिव्याखाली काम करावं.

हसू आणि संमती

मैदानावर पडणं रोजचंच, कोणी लक्षात ठेवत नाही. पण पडलेल्या मुलाचं चित्र पडद्यावर थांबलं की वर्ग हसतो, आणि ते मूल पुढच्या वेळी धावायला नाखूश असतं. उपाय दोन. चौकट खांद्याखालून घ्यायची: पाठ, हात, पाय. आणि चित्रातल्या मुलाने ‘चालेल’ म्हटल्याशिवाय ते गोष्टीत घ्यायचं नाही. त्याचं ‘नको’ कारण न विचारता मान्य करायचं.

पालकांची लेखी संमती घटक सुरू व्हायच्या आधी घ्यावी. डिजिटल व्यक्तिगत माहितीसंबंधी २०२३ च्या कायद्यात १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी हा साध्या विश्वासाचा प्रश्न आहे. संमतीपत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहाव्यात: चित्रण कशासाठी, कोण पाहणार, कधी पुसणार. शिक्षकाचा स्वतःचा फोन वापरू नये, कारण त्यात छायाचित्रं आपोआप क्लाउडवर चढवण्याची सोय बहुधा चालू असते आणि ते लक्षातही येत नाही. जुन्या फोनवरही ती बंद करून घ्यावी. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर गोष्टी टाकू नयेत. पालकसभेत टॅबवर दाखवाव्यात. आजी-आजोबाही येतात आणि आपापल्या वेळचे डाव सांगतात. तोही गोष्टींचा साठाच.

फरक मोजायचा कसा

रेषेवरच्या प्रत्येक मुलाजवळ तीन वाट्या आणि मूठभर चिंचोके. लवकर उठला, पहिल्या वाटीत. खो चुकीचा दिला, दुसऱ्या. दिशा मोडली, तिसऱ्या. चार मिनिटांनी चिंचोके मोजून कार्डावर आकडा लिहायचा. दुसऱ्या तासिकेला आणि अकराव्या तासिकेला हे करावं, दोन्ही वेळा फोनशिवाय, कारण कॅमेरा समोर असला की मुलं जास्त सांभाळून खेळतात. मोजणाऱ्या दोघांत मतभेद होतातच, म्हणून पहिल्या आठवड्यात एकाच मैदानावर दोघांना मोजायला लावून आकडे जुळतात का ते बघावं.

चौथी नोंद बाईंनी स्वतः ठेवावी: पाळीत किती जणांना एकदाही खो मिळाला नाही. हा आकडा शून्याकडे सरकत नसेल तर गोष्टी कितीही रंगल्या तरी घटक फसला आहे.

तिन्ही चुका सारख्या वेगाने कमी होतील अशी अपेक्षा धरू नये. लवकर उठणं हा समजुतीचा आणि लक्षाचा भाग आहे. पाकिटाच्या खेळानंतर ते झपाट्याने सुधारू शकतं. समोरून खो देणं चित्र थांबवून दाखवल्यावर कमी होतं. उलटं वळणं मात्र चिवट आहे. पकडापकडीत लहानपणापासून पळणाऱ्यामागे वळायचीच सवय लागलेली असते आणि पाय तेच करतात. त्याला पडद्याचा उपाय नाही. खांब गाठायचा, एक हात त्याच्याजवळ ठेवून वाकायचं, वेग न तोडता बाहेर पडायचं, हे दर तासिकेच्या सुरुवातीला दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा करून घ्यावं लागतं. शिट्टीवर, फोन कपाटात ठेवून.